घरी अँप्लिफायर आणि स्पीकर बनवायचेत: सांगली, मिरज, सातारा भागात कोण कोण करतंय?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. मुक्काम सांगली, विश्रामबाग. खोली १० बाय १२ ची. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, अधूनमधून भावगीतं. आवाज मोठा नकोय. गाणाऱ्याचा श्वास, डग्ग्याची घुमक आणि मागचा तंबोरा एवढं स्वच्छ ऐकू आलं की माझं भागलं.

दुकानांतले ब्लूटूथ डबे ऐकून पाहिले. ढोल वाजतो, गाणं हरवतं. चांगले परदेशी स्पीकर परवडत नाहीत. म्हणून एलएम३८८६ चिपवर स्टिरिओ अँप्लिफायर आणि साडेसहा इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणारा स्पीकर) दोन छोटे खोके घरीच करावेत असं मनात आहे. सोल्डरिंग येतं, सुतारकाम शिकेन.

मला असं वाटतं की ज्या गावाला लागून तंबोरे घडतात, त्या गावात स्पीकर घडायला काहीच हरकत नसावी. पण सुरुवात कुठून करू? सामान कुठं मिळेल? आणि घरी केलेलं खरंच चांगलं वाजतं का? ज्यांनी हाताने केलंय त्यांनी सांगा.

सातारचा_सोल्डर

बनवाच.

फक्त पैसे वाचतील या आशेवर बनवू नका. चिप त्या मानानं स्वस्तात येते हो, पण ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा पत्रा), डबा, कनेक्टर, प्लाय, पॉलिश यांचा खर्च चिपच्या कितीतरी पट होतो. फायदा वेगळा आहे. तुम्हाला हवा तसा आवाज होईपर्यंत तुम्ही तो बदलू शकता. विकतच्या डब्यात ही सोय नाही.

येरळाकाठ

ट्रान्सफॉर्मरसाठी मुंबई-पुण्याला जायची काही गरज नाही. आपल्याकडं ऊसपट्टा आहे, विहिरीवरच्या मोटरी जळतात, त्यामुळं रिवाइंडिंगची दुकानं गावोगाव. त्यातले जुने कारागीर ट्रान्सफॉर्मरही भरून देतात. कोअर सीआरजीओची (ट्रान्सफॉर्मरसाठीचं खास पोलाद) मागा आणि प्रायमरी-सेकंडरीच्या, म्हणजे मेन्सकडच्या आणि अँप्लिफायरकडच्या गुंडाळ्यांच्या, मध्ये इन्सुलेशनचे जास्तीचे वेढे द्यायला सांगा. टोरॉइडल (गोल कड्यासारखे) मागू नका, ते हाताने भरणं त्यांना परवडत नाही.

आता व्होल्टेज. सगळीकडं लिहिलेलं असतं की एलएम३८८६ ला २४-०-२४ (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर) चालतो. चालतो, पण आमच्याकडं रात्री मेन्स २५० पर्यंत जातं. २३० वर २४ देणारा ट्रान्सफॉर्मर २५० वर २६ देतो. त्याला १.४१४ ने गुणा, डायोडचा एखादा व्होल्ट वजा करा, म्हणजे एका बाजूला ३६. दोन्ही बाजू मिळून ७२. लोड नसताना आणखी आठ-दहा टक्के चढतं. चिपची मर्यादा सिग्नल असताना ८४ ची आहे. म्हणजे तुम्ही कड्याच्या काठावर बसलात. त्यापेक्षा २२-०-२२, ४ अँपिअर भरून घ्या. आवाजात कळेल एवढा फरक पडत नाही आणि चिप थंड राहते.

विश्रामबाग२१

हे सगळं कशाला करायचं? टीपीए३११६ या क्लास डी चिपचा (वेगानं चालू-बंद होऊन आवाज वाढवणारी, कमी तापणारी) तयार बोर्ड घ्या, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावा. ८ ओहमवर साधारण २० वॅट मिळतात. ट्रान्सफॉर्मर नको, भला मोठा हीटसिंक नको, डब्यात २३० व्होल्ट येतच नाहीत. नवशिक्यासाठी शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. क्लास डी आता आधीसारखा राहिलेला नाही.

सातारचा_सोल्डर

@विश्रामबाग२१, सुरक्षेचं पटलं. आवाजाचं नाही पटलं. त्या बोर्डांवर आउटपुटला लावलेले कॉइल स्वस्तातले असतात, आवाज वाढवला की सॅच्युरेट होतात, म्हणजे त्यांची क्षमता संपून आवाज बिघडतो. चिप चांगली आणि बोर्ड सुमार, असा तो मामला आहे.

विश्रामबाग२१

कॉइल बदलता येतात की. आणि १० बाय १२ च्या खोलीत आवाज वाढवतंय कोण?

भडंग

आमच्या शेजारचे वाढवतात. भीमसेनजींचा तोडी सुरू असताना पलीकडून रिमिक्स येतो. त्यावर एखादं सर्किट असेल तर द्या राव.

तंबोरा_मिरज

कृष्णाकाठचा, तुमचं तंबोऱ्याचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. मी मिरजेचा, हा छंद बरीच वर्षं आहे.

पहिली गोष्ट, अँप्लिफायरची चर्चा थोडा वेळ बाजूला ठेवा. वरच्या दोन्ही अँप्लिफायरांतला फरक ऐकू यायला आधी स्पीकर तेवढा स्वच्छ लागतो. साडेसहा इंची वूफर साधारण ८७ डेसिबलचा असतो, म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल. तुमच्या खोलीत ख्याल ऐकायला एक-दोन वॅट पुरतात. एलएम३८८६ चे ३८ वॅट की टीपीएचे २० वॅट हा वाद तुमच्यासाठी नाहीच. खरा प्रश्न खोक्याचा आणि क्रॉसओव्हरचा आहे, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटर या छोट्या स्पीकरला वाटून देणाऱ्या सर्किटचा.

दुसरी गोष्ट, स्पीकर तपासायला तंबोऱ्याइतकं चांगलं साधन नाही. पुरुषी तंबोरा काळी एकला लावला तर षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि खरज त्याच्या निम्मा, ६९. खरजाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गांधार म्हणजे तिचा पाचवा स्वरांश, साधारण ३४६ हर्ट्झ. त्याच्या वर जवारीचं (घोडीवर तार घासून येणारी झंकार) तेज, ते पार काही हजार हर्ट्झपर्यंत जातं. आता बघा, पातळ प्लायच्या खोक्याच्या भिंती नेमक्या २०० ते ५०० हर्ट्झमध्ये स्वतःच वाजायला लागतात. तिथंच तुमचा गांधार बसलेला. खोका बोलला की गांधार बुडाला. आणि जवारीचं तेज जिथं आहे, त्या २-४ हजाराच्या पट्ट्यात बहुतेक लोक वूफर-ट्वीटरचा जोड ठेवतात. जोड नीट नसेल तर तंबोरा दोन तुकड्यांत ऐकू येतो, खाली घुमणं आणि वर खरखर. रॉक संगीतात हे झाकून जातं, तंबोऱ्यात झाकत नाही.

सतारमेकरांच्या कामावर बसून जवारी लावताना पाहा. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, छेडतो, ऐकतो, पुन्हा नखाने केसभर मागे घेतो. एका क्षणी तार अचानक उघडते, स्वर लांबतो. तोपर्यंत तो कुणाशी बोलत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कानाला मिळालं असं मी मानतो. क्रॉसओव्हरचा कपॅसिटर बदलताना हीच सबुरी ठेवा.

रंधा

सुतारकामाचं मी सांगतो, धंदाच तो आहे.

१८ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) कापायला छान, कडा गुळगुळीत, आवाजही मुका. पण पाणी लागलं की संपलं. २०१९ च्या पुरात गावभागातल्या एका गिऱ्हाइकाचे खोके माझ्याकडं आले होते, एमडीएफ भाकरीसारखं टम्म फुगलेलं, स्क्रू हातानं निघत होते. त्याच घरातलं चांगल्या प्लायचं शोकेस वाळवून परत उभं राहिलं. मी तरी प्लायच सुचवेन, बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणारा ग्रेड. आतून एक आडवी पट्टी ठोका, समोरून मागं जाणारी. पट्टी अगदी मध्यावर नको, थोडी बाजूला घ्या.

आतलं माप २० × २५ × ३० सेंटिमीटर धरलं तर बरोबर १५ लिटर होतात. पट्टी आणि वूफरचं पोट वजा करा. कापायच्या आधी वूफर हातात घ्या, कागदावरच्या भोकाच्या मापावर विश्वास ठेवून भोक पाडू नका.

बेसबिन_कराड

आमचा सिस्टीम भाड्यानं द्यायचा व्यवसाय आहे, त्यामुळं जरा वेगळं बोलतो. आपल्या भागात घरी स्पीकर बनवणारे शोधायचे तर डॉल्बीवाल्यांकडं या. कराड, इस्लामपूर, विटा, कुठंही जा. अठरा इंचीचे डबल बिन (बेसचे मोठे खोके) स्वतः कापून, स्वतः भरून वापरणारी पोरं आहेत. नकाशा बघून फोल्डेड हॉर्नचे (खोक्यात दुमडलेल्या कर्ण्याचे) कोन कापतात. व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळली तर स्वतः रिकोन करतात, म्हणजे कॉइल आणि कोन नवे बसवतात. त्यांच्या हातात कला आहे, हे इथल्या मंडळींनी मान्य करावं.

नानाकाका_सातारा

कला मान्य. पण बाळा, खिडकीची काच किती लांबची हलली यावर आवाज मोजायचा नसतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा नियम आहे. मिरवणुकीत सगळे आकडे उडून जातात. ८५ डेसिबलला आठ तास कान टिकतो, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला पंधरा मिनिटं. तुझी पोरं त्या भिंतीसमोर रात्रभर उभी असतात.

बेसबिन_कराड

काका, पोरांना मी कानात बोळे घालायला लावतो, नाही घातले तर कामावर घेत नाही. आणि मंडळाला आवाज कमी ठेवा म्हणणारा मी एकटाच असतो, ऐकत नाहीत ते. तुमच्या आकड्यांवर माझं काही म्हणणं नाही, बरोबर आहेत.

मूळ विषयावर एक सांगतो. बिनमधली एक गोष्ट घरच्या खोक्यालाही लागू आहे, ती म्हणजे हवा गळता कामा नये. सगळे जोड आतून गोंदाने भरून घ्या, वूफरखाली फोमची पट्टी लावा. कोन हळूच आत दाबून सोडा. बंद खोका असेल तर कोन सावकाश परत आला पाहिजे. झटकन आला की कुठंतरी गळतंय.

नानाकाका_सातारा

हे मात्र शंभर टक्के खरं. बोळ्यांबद्दलही शाबास.

आता माझं थोडं. आमच्या वेळेला परदेशी मासिकांचे जुने अंक मिळवून सर्किट उतरवून घ्यायचो. वायरलेस वर्ल्डमध्ये १९४७ साली विल्यमसनचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आला होता आणि १९६९ साली लिन्सली हूडचा चार ट्रान्झिस्टरांचा, १० वॅटचा क्लास ए. तो दुसरा आजही लोक बनवतात. २एन३०५५ ट्रान्झिस्टर टाकून मीही बनवला, अजून चालू आहे. हिवाळ्यात खोली गरम करतो, विजेचं बिल विचारू नका, पण बाईचा आवाज त्यावर जसा येतो तसा मी दुसऱ्या कशावर ऐकला नाही. व्हॉल्व्हच्या नादी मात्र घरात लहान मुलं असतील तर लागू नका. तीन-चारशे व्होल्ट डीसी असतात.

ओहमताई

सगळे बनवण्याबद्दल लिहिताहेत, पहिल्यांदा चालू कसं करायचं ते कुणी लिहिलं नाही. म्हणून मी लिहिते. ट्रान्सफॉर्मरवाला अँप्लिफायर करणार असाल तर हे वाचूनच प्लग लावा.

सिरीज बोर्ड करून घ्या. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीजला. चालू केल्यावर कपॅसिटर भरताना बल्ब एकदा जोरात पेटतो आणि एक-दोन सेकंदांत मंद होऊन जवळजवळ विझतो. तसं झालं तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा, तुमची चिप वाचली. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही.

एलएम३८८६ च्या पाठीचा पत्रा आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो. हीटसिंक डब्याला टेकलेला असेल तर मध्ये मायका आणि स्क्रूला प्लॅस्टिकची बुशिंग हवीच. नाहीतर नावाच्या शेवटी टीएफ असलेली चिप घ्या, तिची पाठ प्लॅस्टिकची असते. बंद केल्यावर १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर भरलेले राहतात. समांतर २.२ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा लावून टाका. आणि डब्याची अर्थिंग काढून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं अजिबात ऐकू नका.

गुणगुणीचं निदान सोपं आहे. इनपुटची केबल काढल्यावर थांबली तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा करंट) आहे, ती ५० हर्ट्झची, जाड. केबल काढूनही राहिली आणि आवाज थोडा तिखट असला तर १०० हर्ट्झ, म्हणजे रेक्टिफायरमधून कपॅसिटर भरणारा करंट तुमच्या सिग्नलच्या ग्राउंडमधून वाहतोय. ब्रिज ते कपॅसिटर ही वायर आखूड आणि स्वतंत्र ठेवा. कपॅसिटरांच्या मधल्या बिंदूपासून थोडं पुढं एकच स्टार ग्राउंड घ्या आणि बाकी सगळं तिथून.

कृष्णाकाठचा

ओहमताई, हे मी छापून टेबलासमोर लावतो. खूप आभार.

भडंग

ताई, माझी वेगळीच तक्रार आहे. माझ्या अँप्लिफायरमध्ये काही न जोडता आकाशवाणी लागते! सकाळच्या बातम्या अगदी हळू आवाजात.

ओहमताई

@भडंग, गंमत वाटली तरी यामागं साधं कारण आहे. मिडियम वेव्हचा ट्रान्समीटर जवळ असला की इनपुटची वायर अँटेनासारखी वागते आणि पहिल्याच ट्रान्झिस्टरच्या जंक्शनमध्ये तो सिग्नल डिटेक्ट होतो, म्हणजे त्यातला आवाज वेगळा निघतो. इनपुटला सिरीजमध्ये १ किलोओहम आणि त्यानंतर ग्राउंडला ४७० पिकोफॅरड लावा. ३४० किलोहर्ट्झच्या वरचं कमी कमी होत जातं, गाण्याला धक्का लागत नाही. दोन्ही पार्ट चिपच्या पायापाशी लावा, सॉकेटपाशी नको.

भडंग

लावलं. बातम्या गेल्या. आता घरच्यांना रेडिओ वेगळा आणून द्यावा लागणार.

येरळाकाठ

सामानाचं राहिलं. रेझिस्टर, साधे कपॅसिटर, वायर, सोल्डर सांगलीत मिळतं. चिप आणि चांगले कपॅसिटर पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड. नकली मालापासून जपा. एका दुकानातून आणलेले २एन३०५५ कापून बघितले तर आत डाळीएवढा तुकडा, दणकट ट्रान्झिस्टरची नुसती टोपी. एलएम३८८६ आता टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची येते, २०११ साली त्यांनी नॅशनल सेमीकंडक्टर विकत घेतली. त्यामुळं नव्या तारखेच्या चिपवर नॅशनलचा जुना शिक्का दिसला तर घेऊ नका.

तिसरं_वर्ष

मी इंजिनिअरिंगला आहे, सांगलीतच. वूफरच्या निवडीबद्दल एक विनंती. 'इतक्या वॅटचा' बघून घेऊ नका. एफएस (वूफर स्वतःहून घुमतो ती फ्रिक्वेन्सी), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं) आणि व्हीएएस (कोनाच्या लवचिकतेएवढी हवा, लिटरमध्ये) हे तीन आकडे बघा. या आकड्यांवरून खोका काढायची पद्धत ऑस्ट्रेलियात थीलने १९६१ मध्ये सुरू केली आणि पुढं १९७० च्या दशकात स्मॉलने ते पूर्ण केलं. त्याआधी खोक्याचं माप म्हणजे बरंचसं अंदाजाचं काम होतं. त्या तीन आकड्यांवरून खोका किती लिटरचा आणि पोर्ट (खोक्यातून हवा जाणारी नळी) किती लांबीचा ते कुठलंही मोफत सॉफ्टवेअर सांगतं.

बिननावाच्या वूफरसोबत कागद येत नाही. पण मोजणं अवघड नाही. १०० ओहमच्या रेझिस्टरमधून कॉम्प्युटरच्या साउंड कार्डचा सिग्नल वूफरला द्या, आरईडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर इंपीडन्सचा (वूफरचा प्रत्येक फ्रिक्वेन्सीला होणारा अडथळा) आलेख काढतं. खाली जिथं डोंगर उभा राहतो ती एफएस. व्हीएएस साठी कोनाच्या मध्यावर माहीत असलेलं वजन चिकटवून पुन्हा मोजायचं. मी एक-दोन रुपयांची नाणी ब्लू टॅकने लावतो, आधी नाणी तराजूवर तोलून घ्यायची.

सातारचा_सोल्डर

शाब्बास रे! मोजणं सोडून नुसत्या कानावर चालणाऱ्यांनी हे वाचावं.

तंबोरा_मिरज

मोजाच. पण मोजून झाल्यावर ऐकाही. आलेख सपाट दिसत असताना तंबोरा बसलेला मी ऐकला आहे, कारण खोक्याची बाजू आलेखात दिसत नव्हती, नुसती घुमत होती. माइक समोर होता, भिंत बाजूला.

तिसरं_वर्ष

तंबोरा काका, ते मोजता येतं. भिंतीला पिझो चकती (कंपनाची वीज करणारी) चिकटवायची आणि तोच आलेख काढायचा. माझ्याकडं आहे, आणून दाखवतो.

तंबोरा_मिरज

आण की! नक्की आण.

कृष्णाकाठचा

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. माझं ठरलं ते सांगतो.

आधी स्पीकर. १८ मिलिमीटर प्लाय, १५ लिटर, आतून पट्टी. वूफर तिसरं_वर्ष यांच्या पद्धतीने मोजून मगच पोर्ट कापेन. तोवर वाजवायला १९ व्होल्टचा टीपीए बोर्ड, म्हणजे घाईत मेन्सला हात लागणार नाही. स्पीकर मनासारखे झाले की २२-०-२२ भरून घेऊन एलएम३८८६ करेन आणि दोन्ही अँप्लिफायर एकाच स्पीकरवर शेजारी ठेवून ऐकेन. सोल्डर आणि विश्रामबाग यांनी तेव्हा घरी यावं ही विनंती.

एक प्रश्न राहिला. क्रॉसओव्हरची सुरुवात कुठून करू? वूफर आणि ट्वीटर दोन्ही ८ ओहमचे आहेत.

ओहमताई

कागदावर सोपं आहे. ३००० हर्ट्झला साधा ६ डेसिबलचा (दर सप्तकाला ६ डेसिबल उतार) जोड हवा असेल तर ट्वीटरला ६.६ मायक्रोफॅरड, बाजारात ६.८ मिळतो. वूफरला ०.४२ मिलिहेन्री. पण वूफर ३००० हर्ट्झला ८ ओहमचा राहत नाही, व्हॉइस कॉइलमुळं चढतो, म्हणून कॉइल म्हणावं तसं काम करत नाही. आधी वूफरला समांतर ८ ते १० ओहम आणि १० मायक्रोफॅरडची सिरीज जोडी लावा, इंपीडन्स सपाट होतो. ट्वीटर साधा घुमटवाला असेल तर ६ डेसिबल त्याला कमी पडतात, खालचा भार जास्त जातो. दुसऱ्या फेरीत १२ वर जा. सिग्नलच्या वाटेत इलेक्ट्रोलायटिक नको, पॉलिप्रॉपिलीन घ्या.

तंबोरा_मिरज

रविवारी सकाळी दहाला माझ्याकडं या सगळेजण. पत्ता व्यक्तिगत निरोपातून देतो. दोन तंबोरे लावून ठेवतो, एक काळी एक आणि एक काळी पाच. खरा तंबोरा आणि तुमचा स्पीकर आळीपाळीने ऐकू. मग कपॅसिटर बदलत बसू.

बेसबिन_कराड

मी येतो. माझा मोजणीचा माइक आणि स्टँड आणतो. काका, तुम्हाला साताऱ्याहून गाडीत घेऊ का?

नानाकाका_सातारा

घे. सहा-सव्वासहाला तयार असेन. क्लास एसुद्धा बरोबर घेऊ, डिकीत जागा ठेव, वजनदार आहे.

रंधा

कृष्णाकाठचा, खोके आणताना मागची फळी स्क्रूवर ठेवा, गोंद लावू नका. रविवारी क्रॉसओव्हर बदलायचा तर आत हात गेला पाहिजे. आणि पट्टीसुद्धा तात्पुरती ठोका. भिंतीवर टिचकी मारून ऐकल्यावर तिची जागा हलवावी लागेल, मी हत्यारं घेऊन येतोय.